आयर्लंडमध्ये घर बांधताय? काँक्रीट ओतायच्या आधी रेडॉन बॅरियर नीट बघून घ्या

स्वतःचं घर बांधायला घेतलं की खिडक्या, किचन, टाइल्स यावर आपण महिना महिना डोकं खपवतो आणि रेडॉन बॅरियर म्हटलं की "ते प्लास्टिक ना, टाकतील माणसं". गॅलवेत आम्ही बांधलं तेव्हा माझंही तेच. आईला फोनवर सांगितलं तर म्हणे, "अरे जमिनीला प्लास्टिक कशाला, उंदीर कुरतडतील."

तर कशाला ते आधी. जमिनीतल्या युरेनियमपासून रेडॉन हा किरणोत्सर्गी गॅस होतो, वास नाही रंग नाही, उघड्यावर विरून जातो, पण इथली घरं गरम आणि घट्ट बंद, त्यामुळे खालची हवा फटींतून आत ओढली जाते आणि तो साचतो. फुफ्फुसाच्या कॅन्सरचं सिगरेटनंतरचं मोठं कारण हेच. १९९८ च्या जुलैपासून नवीन घराला स्टँडबाय संप, म्हणजे गरज पडली तर खालचा गॅस ओढून काढायला फरशीखाली बसवलेला डबा, सगळीकडेच लागतो आणि हाय रेडॉन एरियात बॅरियर, म्हणजे गॅस अडवणारी प्लास्टिकची मेम्ब्रेन पण. आपला प्लॉट कशात येतो ते ईपीएच्या, म्हणजे इथल्या सरकारी पर्यावरण संस्थेच्या नकाशावर दिसतं.

आता काम. पायाच्या भिंती वर आल्या की आत खडीचा भराव, साधा हार्डकोअर नाही, टी-टू पर्म नावाची खडी मागा, तिच्यातून हवा फिरते. साधारण घराच्या मध्याला संपचा डबा भरावात बसवायचा आणि त्यातून ११० मिलिमीटरचा पाइप भिंतीतून बाहेर काढून टोपण लावून ठेवायचं. भराव थराथराने धुमसून घ्या, पण डब्यावर मशीन नाचवू नका. वर बारीक ब्लाइंडिंगचा थर हवाच, नाहीतर खडीची टोकं मेम्ब्रेनला भोकं पाडतात.

मग मेम्ब्रेन. नुसती खोलीपुरती अंथरून चालत नाही, भिंतीच्या कॅव्हिटीवरून, म्हणजे आतल्या-बाहेरच्या दोन भिंतींमधल्या पोकळीवरून, पार बाहेरच्या अंगापर्यंत न्यायची, कारण गॅस कॅव्हिटीतून पण वर येतो. कॅव्हिटीत ती बाहेरच्या बाजूला उतरती ठेवा म्हणजे आत आलेलं पाणी बाहेर पडेल. दोन पट्टे कमीत कमी १५० मिलिमीटर एकमेकांवर, मध्ये डबल साइड टेप आणि वरून जॉइंट टेप. टेप कोरड्या आणि पुसलेल्या मेम्ब्रेनवरच चिकटते, आणि गॅलवेत कोरडं कधी असतं! आम्ही जुने टॉवेल घेऊन गुडघ्यावर बसून पुसत होतो, बायको पुढे पुसतेय आणि मी मागून टेप दाबतोय.

खरी गळती पाइपांपाशी. प्रत्येक पाइपला टॉप हॅट नावाची टोपीसारखी बाही येते, खाली मेम्ब्रेनला चिकटवायची आणि वर क्लिप आवळायची. आमच्या प्लंबरने बाथरूमचे दोन पाइप एकमेकांना चिकटून वर काढले होते, मध्ये बोटसुद्धा जाईना, मग टॉप हॅट बसणार कशी? अर्धा दिवस खणून एक पाइप सरकवला. म्हणून प्लंबरला आधीच सांगा, पाइपांमध्ये हातभर जागा सोड, आणि दोघांना एकच टॉप हॅट असला जुगाड करू देऊ नका.

त्यावर इन्सुलेशन, मग फ्लोअर स्लॅब म्हणजे आपल्याकडचा कोबा समजा. स्लॅबची लोखंडी जाळी ओढत नेऊ नका, उचलून ठेवा. ओतायच्या आदल्या संध्याकाळी टॉर्च घेऊन प्रत्येक जॉइंट बघा, फाटलं असेल तिथे त्याच मेम्ब्रेनचा तुकडा टेपने लावा आणि सगळ्याचे फोटो काढा, इंजिनिअर सर्टिफिकेटसाठी मागतोच.

राहायला आलात की टेस्ट करा, बॅरियर आहे म्हणून सोडू नका. दोन छोटे डिटेक्टर पोस्टाने येतात, एक बेडरूममध्ये एक हॉलमध्ये, तीन महिने ठेवून परत पाठवायचे. आकडा दर घनमीटरला २०० बेकेरेलच्या वर आला तर बाहेरच्या त्या टोपणाच्या पाइपला पंखा जोडून खालची हवा ओढून घेता येते, फरशी फोडावी लागत नाही. फक्त तो पाइप कशाचा आहे ते त्याच्यावर लिहून ठेवा, आमच्याकडे एकाने तो पावसाच्या पाण्याचा समजून त्यात पन्हळ सोडायला घेतली होती.