जुन्या गाडीत थर्मोस्टॅट आहे ना, बघा
घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये जुनी गाडी तापते, म्हणून काही मेकॅनिक थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढूनच टाकतात. हा उपाय मुळातच चुकीचा आहे. थर्मोस्टॅट नसला की इंजिन नीट गरम होत नाही, सेन्सरला ते थंडच वाटतं आणि इंजेक्टर जास्त पेट्रोल सोडत राहतो. पावसात मोकळ्या हायवेवर तापमानाचा काटा खालीच राहत असेल, तर आधी हेच तपासा. नवा बसवून घ्या. गाडी तापण्याचं कारण रेडिएटर, फॅन नाहीतर कूलंटमध्ये शोधा.

पेट्रोल वाया जाऊ नये म्हणून ब्रेक आणि टायरही बघा. पावसाळ्यानंतर कॅलिपरच्या (डिस्क ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिनांना ब्रेकचं ग्रीस लावून घ्या. ब्रेक अडकत नाही ना, हे बघायला गाडी जॅकवर घ्या; न्यूट्रलमध्ये चाक हाताने सहज फिरायला हवं. टायर थंड असतानाच हवा भरा.