फळांचे बेक्ड ओट्स: साखर आणि बटर न घालता हार्टसाठीचा नाश्ता

ओट्स हार्टला चांगले म्हणून हौसेने पाकीट घरी येतं, दोन दिवस दुधात शिजवून तो चिकट लगदा खाल्ला जातो आणि तिसऱ्या दिवशी पाकीट डब्यांच्या मागे जातं, असं बऱ्याच घरात होतं. तेच ओट्स फळं घालून ओव्हनमध्ये भाजले की छान कापता येणारी वडी होते, वरून खरपूस आतून मऊ, आणि एकदा करून ठेवलं की तीनचार दिवस सकाळची घाई वाचते. फक्त ते हार्टसाठी खायचे असतील तर त्यात काय घालताय ते बघायलाच हवं, कारण नेटवरच्या कितीतरी रेसिप्यांत अर्धा कप ब्राऊन शुगर, वितळवलेलं बटर आणि वर चॉकलेट चिप्स असतात, मग तो केकच झाला ना!

ओट्समध्ये बीटा ग्लुकान नावाचा विरघळणारा फायबर असतो. पोटात गेला की पाण्याबरोबर त्याचा बुळबुळीत जेल होतो आणि तो पित्तातले आम्ल स्वतःसोबत बाहेर घेऊन जातो, मग लिव्हरला नवीन पित्त बनवायला रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घ्यावं लागतं, त्यामुळे एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, थोडं खाली येतं. अमेरिकेच्या एफडीएने (तिथलं अन्न आणि औषध प्रशासन) १९९७ साली पाकिटावर हार्टचा दावा छापायला परवानगी दिली ती यावरच, पण त्यात अट आहे: दिवसाला ३ ग्रॅम बीटा ग्लुकान आणि बाकीच्या जेवणातही सॅच्युरेटेड फॅट (बटर, साय यातली चरबी) कमी. ५० ग्रॅम ओट्समध्ये ते साधारण २ ग्रॅम मिळतं, म्हणजे त्या ३ ग्रॅममधला मोठा वाटा नाश्त्यातच. म्हणून मी माणशी ५० ग्रॅमचाच हिशोब धरते, दोन चमचे ओट्स दह्यावर भुरभुरून काही होत नाही.

आता सामान, चार जणांसाठी. २०० ग्रॅम रोल्ड (चपटे केलेले) ओट्स (साधारण सव्वादोन कप), ५०० मिली दूध, २ खूप पिकलेली केळी, १ मोठं सफरचंद, मूठभर अक्रोड, २ टेबलस्पून जवसाची पूड, १ चमचा बेकिंग पावडर, १ चमचा दालचिनी पूड, चिमूटभर मीठ आणि भांड्याला लावायला थोडंसं तेल. बस्स. ओट्स साधेच घ्या, मसाला ओट्स किंवा फ्लेवरवाले नकोत, त्यात मीठ नाहीतर साखर आधीच असते. इन्स्टंटने लगदा होतो आणि स्टील कट (नुसते तुकडे केलेले) एवढ्या वेळात शिजत नाहीत. दूध टोन्ड (३ टक्के फॅट) किंवा डबल टोन्ड (दीड टक्का) चालेल, म्हशीचं साय आलेलं दूध इथे नको. बिनसाखरेचं सोया दूधही छान लागतं.

सगळ्यात आधी जवसाची पूड ६ टेबलस्पून पाण्यात कालवून दहा मिनिटं ठेवायची, ती अंड्यासारखी चिकट होते आणि वडी धरून ठेवते. जवस पूड करूनच घ्यायचे हं, अख्खे बरेचसे तसेच बाहेर पडतात, आणि पूड थोडी थोडीच करून फ्रिजमध्ये ठेवा नाहीतर खवट होते.

तोवर ओव्हन किंवा ओटीजी १८० डिग्रीवर तापत ठेवा. केळी काट्याने अगदी मऊ कुस्करायची, त्यात दूध आणि भिजलेलं जवस घालून ढवळायचं. दुसऱ्या भांड्यात ओट्स, बेकिंग पावडर, दालचिनी, मीठ आणि अर्धे अक्रोड मिसळायचे, मग दोन्ही एकत्र करायचं आणि सालासकट बारीक चिरलेलं सफरचंद घालायचं, साल काढू नका, फायबर तिथेही आहे. मिश्रण बरंच पातळ दिसेल, घाबरून जास्तीचे ओट्स घालू नका, ते भाजताना सगळं दूध पितात. दहा मिनिटं तसंच मुरू द्या.

८ इंची भांड्याला तेल लावून मिश्रण ओता, उरलेले अक्रोड वर पसरा आणि ३५ ते ४० मिनिटं भाजा. कडा सोनेरी झाल्या आणि भांडं हलवल्यावर मधला भाग डुलला नाही की झालं. आणि मग थांबायचं!! निदान पंधरा मिनिटं, गरम असताना कापलं तर चमच्यानेच खावं लागेल, थोडं निवलं की नीट चार वड्या पडतात.

ओव्हन नसेल तर जाड कढईत तळाला स्टँड ठेवून, झाकण लावून दहा मिनिटं तापवायची, मग धातूचं भांडं आत ठेवून मंद आचेवर पाऊण तास ते पन्नास मिनिटं. काचेचं भांडं गॅसवर नको. वरून खरपूस होणार नाही, चव तीच.

फळं सीझनप्रमाणे बदला. पेअर (नाशपाती), चिकू, थोडा हापूस मस्त लागतो, पण आंबा किंवा चिकू घातला तर एक केळं कमी करा, गोडी भरपूर होते. न शिजवलेला अननस, पपई आणि किवी दुधात घालू नका, दूध कडवट होतं, खायचीच असतील तर वाढताना वरून. कलिंगडाने सगळं पाणी पाणी होईल. आणि गूळ किंवा मध म्हणजे साखर नाही असं मनात असेल तर ते काढून टाका, हार्टच्या हिशोबात तीही साखरच आहे. अगदीच गोड कमी वाटलं तर दोन खजूर बारीक चिरून घाला.

डायबेटिस असेल तर एकच केळं घ्या, अक्रोड थोडे वाढवा आणि खाल्ल्यावर दोन तासांनी शुगर तपासून बघा, प्रत्येकाचं वेगळं असतं. किडनीचा त्रास असलेल्यांनी केळ्यातल्या पोटॅशियमबद्दल डॉक्टरांना विचारूनच करावं. आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर ती चालूच ठेवायची, ओट्सने पडणारा फरक खरा आहे पण गोळीची जागा घेण्याएवढा नाही.

फायबरची सवय नसेल तर पहिल्या आठवड्यात अर्धी वडीच खा, पाणी जरा जास्त प्या, नाहीतर पोट फुगतं. पूर्ण गार झाल्यावर झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये तीनचार दिवस टिकतं, सकाळी तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर गरम करा, कडा परत खरपूस होतात, मायक्रोवेव्हमध्ये मात्र नुसतं मऊ होतं.