ड्राइव्ह-इनची पहिली रात्र: अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांसाठी

अमेरिकेतल्या पहिल्या उन्हाळ्यात एक रात्र ड्राइव्ह-इन सिनेमासाठी राखून ठेवा. मोकळ्या मैदानात उंच पडदा, समोर ओळींनी लागलेल्या गाड्या आणि आवाज गाडीच्या रेडिओवर. तान्हं बाळ रडलं तरी कुणाची बोलणी खावी लागत नाहीत. भारतातून चार महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांना पाय पसरून, हवं तेव्हा उठून बसता येतं. मुलांना पायजम्यातच नेलं तरी चालतं, बहुतेक इथली मुलं तशीच येतात. मात्र इथे थिएटर म्हणजे तुमची स्वतःची गाडी. पडदा आणि प्रोजेक्टर मालकाचा, पण बैठक, ध्वनी आणि अंधार यांची सोय तुम्हालाच करावी लागते. ती तयारी नसेल तर आपली रात्र बिघडते आणि शेजारच्या चार गाड्यांचीही.

ही कल्पना मूळची न्यू जर्सीची. रिचर्ड हॉलिंग्सहेड यांनी ६ जून १९३३ रोजी कॅम्डेनजवळ पहिलं ड्राइव्ह-इन सुरू केलं. त्यांच्या पेटंटचं मर्म जमिनीच्या उतारात होतं: प्रत्येक ओळीला मातीचा उंचवटा, त्यावर पुढची चाकं चढवली की गाडीचं नाक वर होतं आणि पुढच्या गाडीच्या टपावरून पडदा दिसतो. आजही बहुतेक ठिकाणी हे उंचवटे आहेत. १९५०च्या दशकाच्या अखेरीस देशात चार हजारांहून अधिक ड्राइव्ह-इन होती, आता तीनशेच्या आसपास उरली आहेत. जमिनीचे भाव वाढले. २०१३च्या सुमारास फिल्मची रिळं बंद होऊ लागली, तेव्हा एकेका पडद्यासाठी ७०,००० डॉलरच्या घरातला डिजिटल प्रोजेक्टर घेणं अनेक छोट्या मालकांना झेपलं नाही. पेनसिल्व्हेनिया, ओहायो आणि न्यूयॉर्क राज्यात अजून बरीच आहेत. पेनसिल्व्हेनियातलं ऑरफील्डचं शँकवायलर्स १९३४पासूनचं, चालू असलेल्यांत सर्वात जुनं. जिथे ही कल्पना जन्मली त्या न्यू जर्सीत मात्र व्हाइनलँडचं डेल्सी हे एकच उरलंय, तेही बरीच वर्षं बंद राहून २००४मध्ये पुन्हा उघडलेलं. एडिसनहून तिथे जायला दीड तास धरा.

वेळेचा हिशेब आपल्या सवयीच्या उलटा असतो. सिनेमा घड्याळावर नाही, अंधारावर सुरू होतो. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात न्यू जर्सीत सूर्य साडेआठला मावळतो, डेट्रॉइटकडे सव्वानऊला. त्यानंतर वीस ते तीस मिनिटांनी पडद्यावर चित्र नीट दिसू लागतं. बऱ्याच ठिकाणी एका तिकिटात दोन सिनेमे असतात, म्हणजे दुसरा संपेपर्यंत रात्रीचा दीड वाजतो. पहिला सहसा मुलांना चालेलसा असतो, दुसरा नसतोच असं नाही, पण बऱ्याचदा ‘आर’ रेटिंगचा, म्हणजे मोठ्यांसाठीचा निघतो. दोन्हींचं रेटिंग आधी पाहून ठेवा. मुलं लहान असतील तर ऑगस्टचा शेवट उत्तम: अंधार लवकर पडतो आणि दिवसाची लाहीही कमी झालेली असते. उत्तरेकडची ड्राइव्ह-इन साधारण एप्रिल ते सप्टेंबर-ऑक्टोबर चालतात, रोजचे खेळ जून ते ऑगस्टमध्ये.

शनिवारी आणि ४ जुलैच्या आसपास गाड्यांची रांग रस्त्यावर येते. फाटक उघडण्याच्या वेळी पोहोचा, म्हणजे सिनेमाच्या तास-दीड तास आधी. गुरुवार किंवा रविवार निवडलात तर घाई नाही. तिकीट काही ठिकाणी माणशी असतं, काही ठिकाणी गाडीमागे. सहा जणांच्या कुटुंबाला दुसरा प्रकार फार स्वस्त पडतो. काही जुन्या जागा अजूनही फक्त रोख घेतात, म्हणून शंभरेक डॉलर सुटे ठेवा. दोन-तीन कुटुंबं मिळून जाणार असाल तर फाटकातून एकापाठोपाठ एक आत शिरा. मागून येणाऱ्यासाठी जागा अडवून ठेवणं बहुतेक ठिकाणी चालत नाही, आणि त्यावरून उगाच वाद होतात.

आता गाडी. सेडान असेल तर पुढची चाकं उंचवट्यावर चढवून पडद्याकडे तोंड करून लावा. एसयूव्ही किंवा मिनीव्हॅन असेल तर उलटी लावून डिकीकडून पाहण्यात खरी मजा आहे: मागची सीट पाडा, सतरंजी आणि दोन गोधड्या अंथरा, पाठीला उशा लावा. मात्र वर उघडलेलं डिकीचं दार मागच्या ओळीचा अर्धा पडदा झाकतं. म्हणून ते टपाच्या रेषेपर्यंतच उघडं ठेवायचं आणि हुकाच्या लवचीक पट्ट्यानं, नाहीतर सुती दोरीनं खाली ओढून बांधायचं. विजेवर उघडणारं दार असेल तर उंची आधी सेटिंगमध्येच कमी करून ठेवा, नाहीतर मोटर दोरीशी झगडत बसते. उंच गाड्यांना मागच्या किंवा कडेच्या ओळीत पाठवतात, त्यात अपमान काही नाही.

दिवे ही सर्वात जास्त भांडणं लावणारी गोष्ट. घरीच, दिवसाउजेडी, गाडीचे सगळे दिवे बंद करून पाहा. लाइटचा खटका ‘ऑटो’वरून ‘ऑफ’वर आणा. दिवसा आपोआप लागणारे पुढचे दिवे बऱ्याच गाड्यांत हँडब्रेक लावून मग इंजिन सुरू केलं की लागत नाहीत. दार उघडल्यावर लागणारा छताचा दिवा आणि डिकीतला दिवा बंद करायचा खटका वेगवेगळा असतो. तरीही एखादा दिवा विझेना, तर त्यावर जाड टॉवेल टाका. डॅशबोर्डची मोठी स्क्रीन काळी करता येते, तेही आधी शोधून ठेवा. चावीचं रिमोट खिशात दाबलं जाऊन दिवे लखलखणं हा नेहमीचा प्रकार आहे, ते ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवलेलं बरं.

बॅटरी का उतरते ते समजून घेतलं की उतरत नाही. आवाज येतो एफएमवर, फाटकावरच फ्रीक्वेन्सी सांगतात. नुसता रेडिओ फार वीज खात नाही. पण बटणाच्या गाडीत ब्रेकवर पाय न ठेवता बटण एकदा दाबलं तर ‘अ‍ॅक्सेसरी’ लागतं, दोनदा दाबलं तर सगळी विद्युतयंत्रणा जागी होते: पंखा, स्क्रीन, कधी दिवेसुद्धा. दोन सिनेमांत याच चुकीनं बॅटरी जाते. एकदाच दाबा. काही गाड्या वीस मिनिटांनी, काही तासाभरानं रेडिओ स्वतःच बंद करतात, तेव्हा पुन्हा दाबावं लागतं. हायब्रिडमध्ये बारा व्होल्टची बॅटरी लहान असते, आणि गाडी चालू अवस्थेत ठेवली तर इंजिन मध्येच आपोआप सुरू होतं. काही नव्या इलेक्ट्रिक गाड्यांत एफएम नसतोच. या सगळ्यावर एकच उपाय सांगतो: पेन्सिल सेलवर चालणारा छोटा एफएम रेडिओ घ्या, वीस-तीस डॉलरला मिळतो. सोबत जादा सेल. बाहेर खुर्च्या टाकून बसणार असाल तर तसाही तोच लागतो. गाडीचाच रेडिओ वापरून डिकीत बसलात, तर आवाज मागच्या स्पीकरकडे वळवा, म्हणजे पुढचे स्पीकर रिकाम्या सीटला ऐकवत बसणार नाहीत. बॅटरी उतरलीच तर संकोच न करता खाण्याच्या काउंटरवर जाऊन सांगा. बहुतेकांकडे जंप स्टार्टर असतो.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका. एसीसाठी किंवा हीटरसाठी इंजिन चालू ठेवून डिकी उघडी ठेवून बसू नका. सायलेन्सरचा धूर मागून आत ओढला जातो आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेल्या मुलाला ते सर्वात आधी बाधतं.

खाण्याबद्दल दोन शब्द जास्त. तिकिटातला मोठा वाटा सिनेमा कंपनीकडे जातो, ड्राइव्ह-इन जगतं ते पॉपकॉर्न आणि पिझ्झावर. म्हणून बाहेरचं खाणं काही ठिकाणी बंद असतं, काही ठिकाणी फूड परमिट म्हणून थोडे डॉलर भरून चालतं. परमिट घ्या, डबा लपवू नका. आणि परमिट घेतलं तरी काउंटरवरून काहीतरी घ्याच, ही मैदानं त्यावरच टिकून आहेत. शाकाहाऱ्यांनी विचारून घ्यावं: फ्राइज बऱ्याचदा चिकन तळलेल्या तेलातच तळतात, नाचोजवरच्या वाटल्या घेवड्यात कधी डुकराची चरबी असते, आणि मार्शमेलोत प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन. चीज पिझ्झा आणि पॉपकॉर्न सहसा निभावून नेतात. घरून नेणार असाल तर अंधारात एका हातानं खाता येईल असंच न्या: तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, कोथिंबीर वडी, बटाट्याच्या सुक्या भाजीचं सँडविच, चिवडा. रस्सा, आमटी, दहीभात नको. आईवडिलांसाठी चहाचा थर्मास विसरू नका, अकरानंतर त्याची किंमत कळते.

कारण रात्री थंडी पडते. दुपारी तीस अंश असलं तरी उघड्या मैदानात मध्यरात्री दव उतरतं. जुलैतही प्रत्येकाला एक शाल किंवा हुडी हवी. डास संध्याकाळीच येतात, डीट किंवा पिकॅरिडिन असलेलं मलम मैदानात उतरण्याआधी लावा. दोन महिन्यांखालच्या बाळाला मात्र ते लावायचं नाही, बाळाच्या कार सीटवर जाळी टाकायची. ईशान्येकडे गवतात गोचीडही असते, घरी आल्यावर मुलांचे पाय, कानामागची जागा आणि केस पाहून घ्या. समोरची काच आतून पुसून ठेवा, गाडीत पाच जणांचा श्वास साठला की ती धुरकट होते. पाऊस आला तरी खेळ सहसा थांबत नाही आणि पैसे परत मिळत नाहीत, म्हणून हवामान पाहूनच तिकीट काढा.

दारू बहुतेक ठिकाणी चालत नाही, आणि गाडीत उघडी बाटली बाळगणं बऱ्याच राज्यांत गुन्हा आहे. मुलं स्वच्छतागृहाकडे निघाली की मोठं माणूस सोबत हवंच, हातात मंद टॉर्च, प्रकाश जमिनीकडे.

निघताना घाई करू नका. पहिल्या सिनेमानंतर जायचं असेल तर मध्यंतरातच निघा. मैदानातून पार्किंग लाइटवर, पायी चालणाऱ्याच्या वेगानं बाहेर या आणि फाटकाबाहेर आल्यावर हेडलाइट आठवणीनं लावा, ‘ऑफ’वर ठेवलेला खटका ‘ऑटो’वर न्यायचा राहून जातो. मुलांना कार सीटमध्ये बसवून पट्टे लावल्याशिवाय इंचभरही हलू नका, झोप मोडली तरी. परतीचा रस्ता गावाकडचा, रात्री एकचा, आणि हरणांचा. एक हरीण रस्ता ओलांडून गेलं की ब्रेकवरचा पाय काढू नका, मागून दुसरं येतंच.