क्लोज्ड सोर्स ॲपमध्ये ओपन सोर्स लायब्ररी टाकताय? आधी हे बघून घ्या

कोड फुकट डाउनलोड होतो म्हणजे आपल्या क्लोज्ड, म्हणजे सोर्स कोड बाहेर न देणाऱ्या, ॲपमध्ये टाकला की झालं, असं धरून बरेच जण पुढे जातात आणि मग रिलीजच्या तोंडावर धावपळ होते. म्हणून लायब्ररी जोडायच्या आधीच तिच्या फोल्डरमधली लायसन्सची फाइल उघडून नीट वाचा. फाइलच नसेल तर ती लायब्ररी सोडून द्या, कारण लायसन्स दिलं नसेल तर सगळे हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतात.

लायसन्स एमआयटी किंवा बीएसडी असेल तर टेन्शन नाही, कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर ॲपसोबत द्यायचा, बस. अपाची 2.0 लायसन्समध्ये नोटीस फाइल (श्रेयाच्या नोंदींची) असेल तर तीही द्यायची.

जीपीएल या लायसन्सला मात्र हात लावताना थांबा. ती लायब्ररी लिंक करून ॲप बाहेर कुणाला दिलंत तर अख्खं ॲप जीपीएलखाली, सोर्ससकट द्यावं लागतं. डायनॅमिक लिंक केलं, म्हणजे लायब्ररी वेगळ्या फाइलमध्ये ठेवून ॲप चालताना जोडली, की सुटलो असं काही जण सांगतात, पण जीपीएल लिहिणारं फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ते मानत नाही, तेव्हा त्या भरवशावर राहू नका. फक्त ऑफिसच्या आत किंवा स्वतःच्या सर्व्हरवर चालवत असाल तर जीपीएल आड येत नाही, पण एजीपीएल हा त्याचाच जास्त कडक प्रकार येतो, तिथे कोडमध्ये बदल केलात आणि लोक नेटवर्कवरून ते वापरतायत तर त्यांना सोर्स मिळायलाच हवा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो एलजीपीएलमध्ये, म्हणजे जीपीएलच्या सौम्य प्रकारात. हे क्लोज्ड ॲपमध्ये चालतं, पण वापरणाऱ्याला ती लायब्ररी बदलून स्वतःची आवृत्ती बसवता आली पाहिजे. त्यामुळे ती वेगळी डीएलएल (विंडोजवर) किंवा एसओ (लिनक्सवर) फाइल म्हणून ठेवा, स्टॅटिक लिंक केलीत, म्हणजे ॲपच्याच फाइलमध्ये मिसळलीत, तर तुमच्या ऑब्जेक्ट फाइल्स (कंपाइल झालेले, पण अजून न जोडलेले तुकडे) द्याव्या लागतात म्हणजे समोरचा पुन्हा लिंक करू शकेल. लायब्ररीचा सोर्स, तुम्ही केलेल्या बदलांसकट, उपलब्ध ठेवा. आणि तुमच्या करारात रिव्हर्स इंजिनिअरिंगला सरसकट बंदी घातली असेल तर ते वाक्य बदला, कारण लायब्ररीतले बदल डीबग करण्यापुरती ती मोकळीक द्यावीच लागते. हे वाक्य कुणी तपासतच नाही!

आता एफएफएमपेग या ऑडिओ-व्हिडिओ हाताळणाऱ्या लायब्ररीचं बघा. ते मुळात एलजीपीएल 2.1 आहे, पण बिल्ड करताना ‘एनेबल जीपीएल’चा पर्याय दिला की तो अख्खा बिल्ड जीपीएल होतो, आणि एक्स264 हा व्हिडिओ एन्कोडर हवा असेल तर तो पर्याय द्यावाच लागतो. आमच्या एका प्रोजेक्टमध्ये कुणीतरी तयार बिल्ड उचलला होता, मी व्हर्जनची कमांड चालवली तर कॉन्फिगरेशनच्या ओळीत हाच पर्याय दिसला, मग बिल्ड स्वतः केला, दोन दिवस त्यातच गेले. तेव्हापासून तयार बायनरी आली की मी आधी ती ओळ वाचतो, तुम्हीही वाचा.

लायब्ररी ज्या दुसऱ्या लायब्ररी ओढून आणते त्यांचीही लायसन्सं बघा, एनपीएम (जावास्क्रिप्ट) आणि पिप (पायथन) या पॅकेज मॅनेजरांसाठी ही यादी काढून देणारी टूल्स आहेत, ती बिल्डमध्येच लावून टाका.

आणि जीपीएलचीच लायब्ररी हवी असेल, पर्यायच नसेल, तर थेट मालकाला विचारा. क्यूटीसारखे (ॲपचा इंटरफेस बनवायची लायब्ररी) प्रोजेक्ट पैसे घेऊन कमर्शियल लायसन्स देतात. फक्त कोड अनेकांनी मिळून लिहिला असेल आणि हक्क एका ठिकाणी नसतील तर त्या प्रत्येकाची परवानगी लागते, प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या एकट्या मेंटेनरचा होकार पुरत नाही.