उधारीच्या दाव्यात हुकूमनामा झालाय? निदान आता तरी या चुका टाळा

नाशिकला सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात पैशाच्या वसुलीचे दावे काही नवे नाहीत. अंबडच्या वर्कशॉपचं थकलेलं जॉबवर्कचं बिल, मार्केट यार्डातल्या अडत्याकडून घेतलेली उचल, निफाडच्या बागायतदाराची कृषी सेवा केंद्रातली उधारी, नाहीतर मित्राकडून घेतलेले हातउसने. दावा चालू असतो तोवर माणूस तारखेला येतो, वकिलांना फोन करतो. हुकूमनामा, म्हणजे पैसे भरा असा कोर्टाचा निकाल, विरोधात गेला की मात्र बरेच जण फाईल कपाटावर टाकून मोकळे होतात. ‘आता काय ते होईल.’ जे होतं ते वाईटच होतं, कारण समोरच्याला हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागायला 12 वर्षं असतात आणि तुमच्या बहुतेक मुदती 30 दिवसांच्या असतात.

कागद कोणाचा आहे तेच न पाहणं

हातात आलेला कागद दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा आहे, पतसंस्थेने सहकार कायद्याच्या कलम 101 खाली मिळवलेला वसुली दाखला आहे, चेक न वटल्याच्या केसमधलं समन्स आहे, की नुसतं वसुली एजंटाचं धमकीवजा पत्र? चौघांचे रस्ते वेगळे. 101 च्या दाखल्याविरुद्ध दिवाणी कोर्टात अपील होत नाही. सहकार खात्याकडे पुनरीक्षण अर्ज करावा लागतो आणि त्यासाठी येणे रकमेच्या 50 टक्के आधी संस्थेत भरावे लागतात. चेकची केस फौजदारी असते, तिथे तारखेला गेला नाहीत तर वॉरंट निघतं. एजंटाच्या पत्रावर ‘जप्ती’ कितीही ठळक छापलेलं असलं तरी कोर्टाच्या आदेशाशिवाय त्याला तुमच्या घरातली साधी खुर्चीही उचलता येत नाही. या लेखात पुढे जे आहे ते दिवाणी हुकूमनाम्याबद्दल.

पाकीट परत पाठवलं म्हणजे सुटलो, हा समज

पोस्टमनला ‘घेत नाही’ सांगितलं की समन्स बजावलंच गेलं नाही, असं गल्लीतले जाणकार सांगतात. कायद्यात नेमकं उलटं आहे. नाकारलेलं समन्स बजावलं गेलं असंच कोर्ट धरू शकतं, आणि मग दावा एकतर्फी, म्हणजे तुमची बाजू न ऐकताच, निकाली निघतो.

खरोखरच समन्स मिळालं नसेल, म्हणजे सिडकोतली भाड्याची खोली सोडून तुम्ही नाशिकरोडला राहायला आलात आणि वादीने जुनाच पत्ता दिला, तर एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज त्याच कोर्टात करता येतो. मुदत 30 दिवस. समन्स रीतसर बजावलं नसेल तर हे 30 दिवस हुकूमनामा तुम्हाला कळला त्या तारखेपासून मोजतात. उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज जोडता येतो, पण दर दिवसाचा हिशोब द्यायची तयारी ठेवा. ‘कामाच्या गडबडीत राहून गेलं’ हे कारण चालत नाही. अर्ज मंजूर करताना कोर्ट काही रक्कम किंवा खर्च भरायला सांगू शकतं, तेवढी तजवीज असू द्या.

दोन्ही बाजू ऐकून निकाल लागला असेल तर रस्ता अपिलाचा: जिल्हा न्यायालयात 30 दिवस, उच्च न्यायालयात 90. निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज टाका, कारण नक्कल मिळायला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात. अर्जच उशिरा केला तर त्याआधीचे दिवस मात्र गेले.

आणखी एक ठेच. अपील दाखल केलं म्हणजे जप्ती थांबली असं होत नाही. स्थगितीचा वेगळा अर्ज लागतो, आणि पैशाच्या हुकूमनाम्यात कोर्ट सहसा सगळी नाहीतर काही रक्कम जमा करायला किंवा जामीन द्यायला सांगतं.

दुकानावर जाऊन रोख पैसे देणं

या एका चुकीने जितके लोक दोनदा पैसे भरतात तितके दुसऱ्या कशाने भरत नसतील. समजा पंचवटीतल्या एका भाजी विक्रेत्यावर 1,80,000 रुपयांचा हुकूमनामा झाला. माणूस सरळ. दर महिन्याला शेठच्या दुकानावर जाऊन 10,000 देतो, शेठ वहीत टिपून घेतो, चहा पाजतो. सहा महिन्यांत 60,000 गेले. पुढे काहीतरी बिनसतं आणि शेठ पूर्ण 1,80,000 ची दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावतो. वही शेठकडेच. भाजीवाला कोर्टात शपथेवर सांगतो की मी साठ हजार दिले. न्यायाधीशांना ते मनोमन पटलं तरी त्यांचे हात बांधलेले असतात: कोर्टाबाहेर दिलेली आणि कोर्टात नोंद न झालेली रक्कम दरखास्त चालवणाऱ्या कोर्टाला विचारात घेता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 21, नियम 2 मध्ये हे स्वच्छ लिहिलेलं आहे.

म्हणून पैसे एकतर कोर्टात जमा करा आणि समोरच्याला तशी नोटीस द्या, नाहीतर बँकेमार्फत द्या. यूपीआय केलं तर शेऱ्यात दावा क्रमांक लिहा आणि नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका, बँकेचं स्टेटमेंट काढून ठेवा. नंतर समोरच्याला ‘इतके मिळाले’ अशी पुरसिस (लेखी निवेदन) कोर्टात द्यायला सांगा. तो टाळाटाळ करत असेल तर नोंदीचा अर्ज तुम्ही स्वतः करू शकता, पण पैसे दिल्यापासून 30 दिवसांत. दर हप्त्याला हे तीस दिवस नव्याने मोजायचे. कटकट आहे, मान्य. साठ हजार पुन्हा भरण्यापेक्षा कमी कटकट आहे.

समोरचा पैसे घ्यायलाच तयार नसेल (व्याज चढत राहावं म्हणून असंही करतात) तर कोर्टात भरा. नोटीस त्याच्या हातात पडल्यापासून तेवढ्या रकमेवरचं व्याज थांबतं.

हप्त्यांचं म्हणाल तर निकालाच्या वेळीच हप्ते मागितलेले बरे. तेव्हा कोर्ट कारणं पाहून स्वतःहून हप्ते देऊ शकतं. हुकूमनामा झाल्यावर समोरच्याची संमती लागते, आणि अर्जाला मुदत पुन्हा तीच, 30 दिवस.

जमीन मेव्हण्याच्या नावावर करणं

करू नका. जप्तीनंतरची खासगी विक्री त्या हुकूमनाम्यापुरती निरर्थक ठरते, आणि जप्तीआधी धनको (ज्याचं देणं आहे तो) बुडवण्यासाठी केलेलं बक्षीसपत्रही कोर्टातून रद्द होऊ शकतं. वर मेव्हणा तारखांना हेलपाटे घालतो ते वेगळंच.

बेलिफ आला की भांडणं, नाहीतर सगळंच देऊन टाकणं

निकालाला दोन वर्षं व्हायच्या आत दरखास्त आली तर आधी नोटीस द्यायलाच हवी असं नाही. म्हणजे बेलिफ, कोर्टाचा जप्ती करणारा कर्मचारी, थेट वॉरंट घेऊन दारात उभा राहू शकतो. त्याच्याशी हुज्जत घालू नका, तो हुकमाचा ताबेदार. वॉरंट वाचायला मागा, दरखास्त क्रमांक लिहून घ्या आणि तो पंचनामा करत असताना जवळ थांबा. काय जप्त होत नाही हे सांगायची वेळ तीच.

संहितेचं कलम 60 पाठ असलं तर बरं. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण यांना हात लागत नाही. रूढीप्रमाणे स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिनेही सुटतात. तिजोरीतल्या पाटल्या त्यात बसत नाहीत. कारागिराची हत्यारं सुटतात, म्हणजे शिंप्याचं शिलाई मशीन सुटतं. शेतकऱ्याची औजारं, पोटापाण्यासाठी लागणारी जनावरं, बियाणं आणि तो स्वतः राहतो ते घर सुटतं, अर्थात ते तारण दिलेलं नसेल तर. शेतजमीन आणि इंदिरानगरमधला फ्लॅट मात्र सुटत नाहीत. फ्रिज पत्नीच्या पैशाचा असेल तर तिने पावतीसह स्वतःचा हरकत अर्ज कोर्टात द्यावा. बेलिफाला तोंडी सांगून उपयोग नाही.

पगाराचं गणित सांगतो. पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित. पगार 22,000 असेल तर जप्त होणारी रक्कम महिन्याला जास्तीत जास्त 7,000. तीही एकाच हुकूमनाम्यापोटी एकूण 24 महिनेच. त्यानंतर त्या हुकूमनाम्यासाठी पगाराला हात लागत नाही. भविष्य निर्वाह निधी आणि पीपीएफ जप्तीबाहेर असतात. हिशोब खात्याने चुकवला तर कोर्टात अर्ज करा, अकाउंट्सच्या माणसाशी वाद घालून काही होत नाही.

तुरुंगाला नको तितकं घाबरणं, आणि नोटिशीला अजिबात न घाबरणं

पैसे नाहीत एवढ्याच कारणाने दिवाणी कैदेत टाकता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात हे स्पष्ट केलं. ऐपत असून बुडवताय असं दिसलं तर मात्र तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि ती भोगली तरी कर्ज फिटत नाही. पैशाच्या हुकूमनाम्यापोटी स्त्रीला अटक होत नाही.

लोक फसतात ते दुसरीकडे. कोर्ट मालमत्तेचं शपथपत्र मागतं आणि ते दिलंच जात नाही. ते न देणं हेच कैदेचं वेगळं कारण ठरू शकतं. काही नसेल तर ‘काही नाही’ असं शपथेवर लिहून द्या, पण खरं असेल तरच.

जामीनदाराने ‘मी नुसती सही केली’ म्हणत बसणं

जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. धनको आधी तुमच्याकडेही येऊ शकतो. भरलेले पैसे कर्जदाराकडून वसूल करायचा हक्क तुम्हाला आहे, त्यासाठी पावत्या जपा.

दरखास्तीत मूळ दाव्याचं रडगाणं

माल खराब होता, व्याज अवाच्या सव्वा लावलं, सावकाराकडे परवानाच नव्हता, हे सगळं कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, मांडायचं असतं. दरखास्तीचं कोर्ट हुकूमनाम्याच्या मागे जाऊन पाहत नाही. तिथे चालतं ते एवढंच: किती भरले, काय जप्त होऊ शकत नाही, लिलावासाठी मालमत्तेची किंमत कमी धरली आहे का. या शेवटच्या मुद्द्यावर बहुतेक जण गप्प बसतात. लिलावाच्या जाहीरनाम्याआधी नोटीस येते, तेव्हाच मूल्यांकनाचा अहवाल द्या. लिलाव होऊनही गेला तर 60 दिवसांत हुकूमनाम्याची रक्कम आणि खरेदीदारासाठी बोलीच्या 5 टक्के भरून तो रद्द करून घेता येतो.

वकील परवडत नसेल तर न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा 15100 वर फोन करा. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. लोकअदालतीत तडजोड करायची तर झेपेल तोच हप्ता कबूल करा, त्या निवाड्यावर अपील नसतं.

सगळे पैसे फिटल्यावर ‘पूर्ण रक्कम मिळाली’ ही पुरसिस दाखल झाली का, दरखास्त निकाली निघाली का, हे ई-कोर्ट्स ॲपवर सीएनआर क्रमांक (प्रत्येक केसचा स्वतंत्र क्रमांक) टाकून पाहा आणि त्या आदेशाची नक्कल घ्या. सातबाऱ्यावर जप्तीचा बोजा चढलेला असेल तर तो आपोआप उतरत नाही; कोर्टाचं पत्र घेऊन तलाठ्याकडे फेरफार करून घ्यावा लागतो. द्राक्षाच्या हंगामाआधी पीककर्जाला गेल्यावर हा जुना बोजा पुढे येतो, तेव्हा ते काम त्याच आठवड्यात उरका.