कुडाळहून दुबईला निघताना : साथीतल्या विमानप्रवासाची तयारी

डिसेंबर २०२१ मध्ये माझ्या सासूबाई पहिल्यांदा परदेशी निघाल्या. वय एकाहत्तर, मधुमेह, उजव्या कानात यंत्र. नणंद दुबईला, तिचं दुसरं बाळंतपण, त्यामुळे जाणं टाळण्यासारखं नव्हतं. त्या आठ दिवसांत मी जे जे केलं ते वहीत उतरवून ठेवलं होतं. कोविडची साथ पुन्हा डोकं वर काढते तेव्हा शेजारपाजारचे विचारायला येतात. त्यांच्यासाठी ती वही इथे उघडते आहे.

सगळ्यांना भीती असते ती विमानाची. मला ती कधीच तेवढी वाटली नाही. मोठ्या जेट विमानात हवा तासाला साधारण २० ते ३० वेळा बदलते. निम्मी हवा बाहेरून येते आणि उरलेली हेपा फिल्टरमधून गाळून पुन्हा सोडतात. ०.३ मायक्रॉनएवढे कण हा फिल्टर ९९.९७ टक्के अडवतो. एवढी स्वच्छ हवा आपल्या बाजारात, बँकेत किंवा एसटीत नसते. धोका आहे तो घरापासून विमानापर्यंतच्या वाटेत, आणि आम्हा कोकणातल्यांची ती वाट लांबलचक. आमच्या सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला, पण परदेशी जायचं तर गोव्यातलं दाबोळी किंवा मुंबई गाठावीच लागायची. म्हणून तयारी करताना मी एकच हिशेब धरला : बंद, कोंदट जागेत, माणसांच्या घोळक्यात जाणारा वेळ जितका कमी करता येईल तितका करायचा.

लस राहिली असेल तर ती सगळ्यात आधी. डोसनंतर अंगात प्रतिकारशक्ती यायला दोनेक आठवडे लागतात, म्हणजे तिकीट काढायच्या दिवशीच तारीख धरायला हवी. आणि जाण्याआधीचे आठ दिवस घर सोडायचं नाही. कोकणात माणूस परदेशी निघाला की भेटायला अख्खी वाडी येते, जेवणावळी होतात, देवळात गाऱ्हाणं घालायचं असतं. गाऱ्हाणं मोकळ्या अंगणात घाला, भेटायला येणाऱ्यांना खळ्यात बसवा, पण माजघरात गर्दी नको. आम्ही चुलत जावेकडचं हळदीकुंकूसुद्धा चुकवलं. तिला वाईट वाटलं, मलाही वाटलं. पण चाचणी पॉझिटिव्ह आली असती तर बाळंतपणाला आई पोचली नसती.

चाचणीचा हिशेब नीट समजून घ्या, कारण बहुतेक जण इथेच फसायचे. तेव्हा दुबईला ४८ तासांच्या आतला आरटीपीसीआर रिपोर्ट लागायचा, क्यूआर कोड असलेला, आणि वर विमानतळावर सुटण्याआधीच्या सहा तासांत आणखी एक रॅपिड पीसीआर. हे ४८ तास नमुना दिल्या वेळेपासून मोजायचे, रिपोर्ट हातात आल्यापासून नाही. गावात नमुना दिला की तो दुसऱ्या शहरातल्या लॅबला जाणार, रिपोर्ट कधी येईल याचा नेम नाही. आमचं विमान रविवारी रात्रीचं. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी कुडाळहून कोकणकन्या धरली, शनिवारी सकाळी नऊला मुंबईत नमुना दिला, रिपोर्ट संध्याकाळी आला. तरी घोटाळा झालाच. पासपोर्टवर सासऱ्यांच्या नावासकट पूर्ण नाव, रिपोर्टवर नुसतं नाव आणि आडनाव, वयातही दोन वर्षांचा फरक. लॅबने दुरुस्त करून दिलं, पण त्या दोन तासांत माझ्या हातापायातलं बळ गेलं होतं. नमुना देतानाच पासपोर्ट टेबलावर ठेवा, नाव आणि नंबर त्यावरूनच टाइप करून घ्या आणि पावती हातात घेण्याआधी एकेक अक्षर वाचा. रिपोर्ट, तिकीट, व्हिसा, लसीचं प्रमाणपत्र या सगळ्याच्या दोन-दोन छापील प्रती प्लास्टिकच्या पाकिटात घाला. मोबाइलवर आहे म्हणून निश्चिंत राहू नका, नेमकी ऐन वेळी बॅटरी उतरते. पॉवर बँक घेतलात तर ती हातातल्या बॅगेत हवी, मोठ्या सामानात ती चालत नाही.

मास्कसाठी मी सगळ्यात जास्त वेळ दिला आणि तो कारणी लागला. कापडी मास्क लांबच्या प्रवासाला पुरत नाही, एन९५ हवा. तो लावल्यावर सासूबाई पहिल्या दिवशी दोन मिनिटांत म्हणाल्या, "माका श्वास घेवक जमणा नाय गो." म्हणून आठ दिवस सराव केला. आधी पाव तास, मग संध्याकाळच्या मालिकेपुरता, शेवटी तीन तास. कानात अडकवायचा मास्क काढताना त्यांचं कानातलं यंत्रही ओढलं जाऊन खाली पडायचं. मग डोक्यामागून पट्टे जाणारा आणला. एक पट्टा अंबाड्याच्या वर, दुसरा मानेवर, यंत्र मोकळं. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवायची आणि जोरात श्वास सोडून बघायचा. चष्म्यावर वाफ आली तर वरून हवा निसटते आहे असं समजायचं. आपल्याकडच्या दमट हवेत, घामाने मास्क भिजतो आणि भिजलेल्यातून श्वास घेणं जड जातं, म्हणून चार मास्क बरोबर दिले. एन९५ धुवायचा नाही.

रेल्वेला मी मुद्दाम स्लीपरचं तिकीट काढलं. एसी डब्यात खिडकी उघडत नाही. स्लीपरमध्ये रात्रभर वारा येत होता, डिसेंबरची थंडी होती, त्यासाठी घरची गोधडी आणि कानटोपी. मुंबईत टॅक्सीच्याही काचा खाली.

सामान कमी न्यायचं, हे आपल्या माणसाला सांगणं सगळ्यात कठीण. पण सुरक्षा तपासणीत बॅग उघडली की त्या रांगेत आणखी पंधरा मिनिटं उभं राहावं लागतं. सुकं खोबरं देऊच नका. त्यात तेल असतं, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात बंदी आहे. आम्हीही गोटा खोबरं आधी भरलं होतं, निघायच्या आदल्या दिवशी काढलं. कोकमाचं आगळ पातळ, ते हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरच्या वर चालत नाही. कोकमाची सुकी सोलं, काजू, कुळथाचं पीठ, खाजा हे मोठ्या बॅगेत निमूट जातं. औषधं मात्र सगळी हाताशी ठेवा. इन्सुलिन, साखरेच्या गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी, थर्मामीटर, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. सॅनिटायझरमध्ये किमान ६० टक्के अल्कोहोल हवं, लेबल वाचून घ्या.

तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवली, वेब चेक-इन घरूनच केलं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला लाज वाटते, पण तासभर रांगेत उभं राहणं वाचतं. जागा खिडकीची घ्या, येणाऱ्या-जाणाऱ्यांचा संबंध कमी येतो. थांबायचं असेल तर गेटसमोरच्या खुर्च्या सोडून मोकळ्या कोपऱ्यात. ओळख पटवण्यासाठी जवान मास्क खाली करायला सांगतात, तेवढा वेळ श्वास रोखायचा आणि लगेच वर घ्यायचा.

विमानात बसताच डोक्यावरचं हवेचं बटण फिरवून झोत चेहऱ्यासमोरून खाली जाईल असा ठेवायचा. सगळे सामान चढवत असतात, तेव्हा आणि उतरल्यावर दार उघडायची वाट बघताना, हवा पूर्ण जोरात खेळत असेलच असं नाही. त्या दोन वेळांना मास्क हलवायचाच नाही. शेजारचा जेवत असताना आपण थांबायचं, त्याचा मास्क वर गेला की आपण दोन घास. सासूबाई घरूनच पोटभर जेवून निघाल्या होत्या, वाटेत फक्त केळं आणि पाणी. विमानातली हवा फार कोरडी असते. किनाऱ्यावर जन्म गेलेल्या माणसाचा घसा तिथे तासाभरात सुकतो आणि खोकला आला की आजूबाजूचे दचकतात. त्यासाठी त्यांच्या पदराच्या गाठीत दोन सोलं बांधून दिली होती. विमान उतरायला लागायच्या आधी एक तोंडात टाकून मास्क परत नीट बसवायचा. लाळ सुटते, गिळणं होतं, कानाचे दडेही सुटतात. बसल्या बसल्या पावलं वरखाली करायची, पाय सुजत नाहीत, रक्त साकळत नाही.

ज्यांना नुकताच कोविड होऊन गेला आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय चढू नये. विमान वर गेलं की आतली हवा साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असते तशी विरळ होते, रक्तातला ऑक्सिजन थोडा उतरतो. धडधाकट माणसाला कळतही नाही, पण फुप्फुसं कमजोर असतील तर त्रास होतो. आणि त्या दिवशी ताप असेल तर तिकिटाचे पैसे बुडू द्यात, पण घरी राहा.

परत आल्यावरचीही तयारी आधीच करून ठेवा. २०२० च्या गणपतीत चाकरमान्यांना आधी विलगीकरणात राहावं लागलं होतं, तेव्हापासून आमची पडवी त्यासाठी राखीव आहे. सासूबाई फेब्रुवारीत परतल्या तेव्हा तिथे खाट, वेगळा तांब्या, वेगळं ताट आणि दोन्ही खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या. पाचव्या दिवशी चाचणी. सकाळ-संध्याकाळ ताप आणि ऑक्सिजनचा आकडा त्या स्वतः कॅलेंडरच्या चौकटीत लिहायच्या. नातवंडं खळ्यातून खिडकीशी येऊन बसायची, आणि त्या आतून दुबईतल्या बाळाचं बारसं सांगायच्या.