सुतळीने समजवा: माणूस माकडापासून आला का?

सातपुड्यातली वानरं पाहिलेली मुलं हमखास विचारतात, "माणूस माकडापासून झाला, तर माकडं अजून कशी?" उत्तर मैदानात मांडा.

सुतळीचे 7-7 मीटरचे दोन तुकडे घ्या, एका खुंटीला बांधून चिमट्यासारखे फाकवा. 1 मीटर म्हणजे 10 लाख वर्षं. एका टोकाला माणूस, दुसऱ्याला चिंपांझी. खुंटी म्हणजे सुमारे 60 ते 70 लाख वर्षांपूर्वीचा समान पूर्वज. चूक इथेच होते: पुष्कळजण चिंपांझीला खुंटीपाशी उभं करतात. तो पूर्वज नव्हे, आपला चुलतभाऊ आहे. दोन्ही टोकं आजचीच.

माणसाच्या टोकापासून 3.2 मीटरवर गाठ मारा: 1974 साली इथिओपियात सापडलेली 'लुसी', म्हणजे माणसाच्या फांदीवरच्या एका प्राचीन जातीचा जीवाश्म सांगाडा. आपली जात, होमो सेपियन्स, फक्त शेवटच्या 30 सेंटिमीटरात. हे अंतर मुलांना हातानेच मोजू द्या, नुसतं सांगून पटत नाही.

वानराची फांदी मात्र खुंटीच्या मागे आणखी 18 ते 23 मीटरवर फुटते. मैदान पुरलं नाही तर केळीच्या बागेचा बांध धरा.

मोठ्या मुलांना पुरावाही द्या: चिंपांझीची गुणसूत्रं 48, आपली 46, कारण पूर्वजांतली दोन जुळून आपलं दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र बनलं.